आईच्या गळ्यातली थैली

मी विमा विकतो. लातुरात तेवीस वर्षं हेच करतोय. समोरच्या माणसाला चहा विचारायच्या आधी त्याचं काय काय होऊ शकतं हे माझ्या डोक्यातून जाऊन येतं. लग्नाच्या पंगतीत बसलो तरी मांडवातली वायर कुठून ओढलीय ते बघतो. बायको म्हणते, तुमच्यासोबत कुठं जायचं म्हणजे आधी स्वतःचं श्राद्ध घालून निघायचं. तिचं फारसं चुकत नाही.

एका वर्षी धंदा बरा झाला आणि कंपनीनं बक्षीस म्हणून बँकॉकची पाच दिवसांची सहल दिली, दोघांसाठी. बायकोला येणं शक्य नव्हतं. मुलगी बारावीला होती, आणि लातुरात बारावीचं लेकरू असलेल्या घरात कुकरची शिट्टीसुद्धा विचारून वाजते. बायकोच म्हणाली, आईला न्या. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. आईचं माहेर उदगीर, सासर लातूर, आणि लांबात लांब प्रवास म्हणजे श्रीशैलम. नांदेडला माझी धाकटी बहीण असते, सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिला फोन केला तर ती म्हणाली, "ने दादा, ने. तिला इमानात बसायचं लई दिवसांपासून मनात हाय. फक्त तिच्या साखरेच्या गोळ्या वेळेवर दे आणि गोळीनंतर जेवण चुकू देऊ नको."

मी तयारीला लागलो. अनोळखी शहरात प्रवाशांना कसं लुटतात यावर जेवढं मिळालं तेवढं मी महिनाभर वाचलं, मोबाइलवर बघितलं. आज मंदिर बंद आहे असं सांगून भलतीकडं नेणारे रिक्षावाले. मीटर न लावणारे टॅक्सीवाले. आणि मोटरसायकलवरून दोघंजण येऊन गळ्यातलं ओढून नेणारे. हा शेवटचा प्रकार मी इतक्या वेळा बघितला की झोपेतसुद्धा मला मागून गाडी आल्यासारखी वाटायची. पासपोर्टच्या झेरॉक्स तीन ठिकाणी ठेवल्या. हॉटेलच्या पत्त्याची चिठ्ठी आईच्या बटव्यात, पर्समध्ये आणि पदराच्या टोकाला बांधून. बांगड्या, कानातलं, सगळं सोनं घरी कपाटात ठेवलं. आईनं त्यावर तक्रार केली नाही.

राहिली ती डबी. आम्ही लिंगायत. आईच्या गळ्यात इष्टलिंग आहे, चांदीच्या डबीत, सुती दोऱ्यात ओवलेलं. ते तिच्या अंगावरून उतरत नाही. आंघोळीच्या वेळीही ते तिच्याजवळच असतं. रोज सकाळी कपाळाला विभूती लावायची, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, तीर्थ घ्यायचं आणि मगच तोंडात पाण्याचा घोट. लिंग अंगावर नसताना अन्नपाणी नाही, असा तिचा नेम. मी स्वतः कॉलेजात गेल्यावर हे सगळं सोडलं आणि त्यावरून ती महिनाभर माझ्याशी बोलली नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी मी तिला म्हणालो, "आई, ही डबी चमकती. तिथले चोर चांदी-सोनं बघत न्हाईत, चमकलं की वढतात. पाच दिवस काढून ठेव."

"जीव काढून ठिवू का?" ती म्हणाली.

तासभर वाद झाला. शेवटी मी मधला मार्ग काढला. पासपोर्ट ठेवायला मिळते तशी एक खाकी रंगाची कापडी थैली आणली होती, चेन असलेली, गळ्यात अडकवायला पट्टा असलेली. डबी दोऱ्यासकट त्या थैलीत ठेवायची आणि थैली गळ्यात घालायची. म्हणजे चमकणार नाही, आणि अंगावर तर राहीलच. आईला ते पटलं नाही. दोरा गळ्याला लागला पाहिजे, म्हणत होती. पण माझा चेहरा बघून तिनं मान हलवली. मी तिला दोन गोष्टी बजावल्या. थैली पदराखाली ठेवायची, आणि गर्दीत तिच्यावरचा हात काढायचा नाही.

पहिला दिवस छान गेला. विमानात तिनं माझा हात सोडला नाही, पण खिडकीवरची नजरही हलवली नाही. आमच्या तुकडीत इतर चौदा जण होते, बहुतेक जोडपी. त्यांनी तिला सगळ्यांची आईच करून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पूजा केली, गोळी घेतली, हॉटेलात इडलीसारखं काहीतरी मिळालं ते खाल्लं आणि आम्ही बसनं निघालो. बाकीचे एका मोठ्या बाजारात उतरले. आईला बुद्धाचं मोठं मंदिर बघायचं होतं. बसवाल्यानं आम्हाला जवळच्या चौकात सोडलं. दहा मिनिटांची वाट होती.

माझा नियम होता, आईनं भिंतीकडून चालायचं आणि मी रस्त्याकडून. पण त्या फुटपाथवर चालायला जागाच नव्हती. खाण्याचे गाडे, त्यांच्या कडेला प्लॅस्टिकच्या बुटक्या खुर्च्या, त्यांवर वाकून जेवणारी माणसं, उकळत्या तेलाच्या कढया. एका ठिकाणी फुटपाथ पूर्णच अडला होता, तेव्हा आम्हाला खाली रस्त्यावर उतरावं लागलं. मी पुढं, ती मागं. चार-पाच पावलांचंच अंतर होतं. मी वळून बघितलं तर आई उजव्या हाताची मूठ छातीवर गच्च धरून येत होती. उकाड्यानं पदर सरकला होता आणि पट्टा दिसत होता. मी म्हणणार होतो, पदर घे. तेवढ्यात गाडीचा आवाज आला.

दोघं होते, हेल्मेट घातलेले. मागच्यानं हात लांब केला. प्लॅस्टिकचं बक्कल उघडल्याचा टक्क असा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. आई गुडघ्यावर आली आणि गाडी पुढच्या वाहनांमध्ये शिरून दिसेनाशी झाली. मी "चोर, चोर" म्हणून मराठीत ओरडलो. गाड्यावरची एक बाई हातातला झारा टाकून धावत आली आणि तिनं आईला बखोटीला धरून उठवलं.

आईची मूठ अजून छातीवर तशीच होती. तिनं ती उघडून बघितली.

"गेलं," ती म्हणाली.

मी आधी काय केलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. मी कमरेचा पट्टा चाचपला. दोन्ही पासपोर्ट होते. पैसे होते. मोबाइल होता. विमानाची तिकिटं होती. मी केलेली सगळी व्यवस्था जशीच्या तशी शाबूत होती. चोरानं नेली होती ती एकच वस्तू, आणि ती त्याला पैशाची थैली वाटावी अशी मीच सजवून दिली होती. खाकी थैली आणि तिच्यावर घट्ट धरलेला हात, एवढं बघून कुणालाही वाटलं असतं की यातच म्हातारीचं सगळं आहे. साध्या दोऱ्यातली जुनी डबी पदराखाली कुणाला दिसलीही नसती.

गाड्यावरच्या बाईनं खुर्ची दिली, पाण्याची थंड बाटली उघडून आईपुढं धरली. आईनं बाटलीला हात लावून नमस्कार केला आणि ती बाजूला सारली. "आई, घोटभर घे," मी म्हणालो. तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मला काहीच माहीत नसल्यासारखं.

"आता कसं पानी पिऊ मी?" ती म्हणाली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तोवर चोरीचाच विचार करत होतो.

प्रवाशांसाठी वेगळी पोलीस चौकी होती, तिथं गेलो. तिथली पोलीस बाई तरुण होती, नम्र होती. मोबाइलमध्ये बोलून भाषांतर करून घ्यायची आणि आमच्यापुढं धरायची. काय गेलं? चांदीची डबी. डबीत काय होतं? मी थांबलो. देव, असं बोललो. तिनं मोबाइलकडं बघितलं, मग आईकडं. आई कपाळावरच्या विभूतीसकट हात जोडून उभी होती. त्या मुलीनं खुर्चीवरून उठून दोन्ही हात जोडले. मग परत बसून पुढचा रकाना वाचला, वस्तूची किंमत. आयुष्यभर माणसाच्या हातापायाची किंमत कागदावर मांडत आलो, पण तो रकाना मोकळाच ठेवून सही केली.

चोर बहुधा डबी ठेवून आतलं फेकून देतात, ती म्हणाली. गल्ल्यांमध्ये बघा. आम्ही बघितलं. दुपारचं ऊन डोक्यावर होतं. गाडी गेली त्या बाजूच्या चार गल्ल्या मी वाकून वाकून बघितल्या. गटाराच्या जाळ्या, कचऱ्याच्या पिशव्या, कुंड्यांच्या मागं. तिथं दारादारांत छोटी देवघरं असतात खांबावर, त्यांच्या खालीही बघितलं. आई एका औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसली होती. दर वेळी मी परत आलो की ती फक्त माझ्या हातांकडं बघायची. हात रिकामे दिसले की मान खाली घालायची. दोन वाजता मी बघितलं, तिच्या कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती. मी टॅक्सी केली आणि हॉटेलात आलो.

बहिणीला फोन लावला. ती ड्युटीवर होती. एका दमात सगळं सांगितलं.

"सकाळची गोळी घेतली व्हती का?" तिनं पहिला प्रश्न विचारला.

"घेतली."

"मग दादा, हे लई वाईट हाय. गोळी पोटात हाय आणि दुपारचं जेवण न्हाई. साखर खाली खाली जाईल. घाम यायलाय का? हात थरथरायलेत का?"

आईचे हात मांडीवर होते. मी बघितलं. बोटं हलत होती, बारीक, तिच्या नकळत.

"तिच्या तोंडात साखर घाल. ऐकत नसली तर दवाखान्यात ने, ते शिरेतून देतील," बहीण म्हणाली. मी फोन स्पीकरवर टाकला. आईनं सगळं ऐकलं. मग लेकीला म्हणाली, "माय, मी शुद्धीवर हाय तवर मला कुनी सुई लावायची न्हाई. शुद्ध गेल्यावर तुमी काय बी करा." बहीण तिकडं रडायला लागली. तिचं रडणं ऐकून मला आईचा भयंकर राग आला. एका दगडासाठी, असं माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. तो शब्द मी बोललो नाही, आणि आयुष्यात केलेल्या चांगल्या गोष्टींमध्ये मी ते मोजतो.

मठातल्या स्वामींचा नंबर शोधून त्यांना फोन लावला. ते भले माणूस. शांतपणे म्हणाले, "मातोश्रींना सांगा, परत आल्यावर आम्ही स्वतः नवीन लिंग देऊ, दीक्षा देऊ. परदेशात संकट आलंय, तोवर अन्न घ्यायला आमची आज्ञा आहे." मला वाटलं सुटलो. आईनं फोन कानाला लावून "जी, जी" केलं, नमस्कार केला आणि फोन मला परत दिला.

"स्वामींची आज्ञा झाली की आता," मी म्हणालो.

"त्यांची आज्ञा त्यांच्या जागी. परत गेल्यावर देतील म्हनले ना? मग परत गेल्यावर जेवते."

परतीचं विमान तीन दिवसांनी होतं. मी तुकडीच्या प्रमुखाला फोन करून उद्याचं तिकीट बघायला लावलं. उद्या सकाळी मिळेल म्हणाला. म्हणजे लातूर उद्या रात्री. दीड दिवस. बहिणीला परत विचारलं, दीड दिवस निघेल का. ती म्हणाली, "दादा, मला दीड दिवसाचं इचारू नको. मला संध्याकाळी सहाची भीती वाटायलीय. बोलनं जड झालं की तू मला इचारत बसू नको, उचलून ने."

तेव्हा साडेतीन वाजले होते. आई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, ओठांनी नामस्मरण चालू होतं. मध्येच ती थांबायची आणि कुठं थांबली ते आठवायचा प्रयत्न करायची. मी खाली काउंटरवर गेलो. तिथल्या मुलीला थोडंफार इंग्रजी येत होतं. तिला विचारलं, भारतीयांची वस्ती कुठं आहे, पूजेचं सामान मिळतं असं दुकान. तिनं नकाशावर दाखवलं, वीस मिनिटं. मी तिला हात जोडून म्हणालो, माझ्या आईजवळ बस, आणि ती पडली किंवा बोलेनाशी झाली तर आधी रुग्णवाहिका बोलाव, मग मला फोन कर. ती मुलगी काउंटर दुसऱ्याकडं सोपवून लगेच वर गेली.

वीस मिनिटांचे पन्नास झाले. टॅक्सी हलेना. मी मागच्या सीटवर बसून मोबाइलकडं बघत होतो, वाजू नये म्हणून. शेवटी उतरलो आणि पळत सुटलो. पन्नाशीचा पोट सुटलेला माणूस, फुटपाथवरून, गाड्यांमधून, कुणाचा धक्का लागतोय याचा विचार न करता. पाकीट मागच्या खिशात होतं. कुणी काढलं असतं तरी कळलं नसतं.

दुकान एका तमिळ म्हाताऱ्याचं होतं. कापूर, उदबत्त्या, पितळी समया. मी शिवलिंग मागितलं, लहान, काळं. त्यानं एक ट्रे काढून पुढं ठेवला. त्यात दहा-बारा होते. मी ट्रेकडं बघत राहिलो. पन्नास वर्षं ज्या घरात आईचं लिंग रोज पुजलं गेलं त्याच घरात मी वाढलो, आणि मला ते नीट आठवत नव्हतं. काळं, तुळतुळीत, आवळ्याएवढं. वरून गोल. खालून सपाट होतं का? मला खात्री नव्हती. मी डोळे मिटून आईचा तळहात आठवायचा प्रयत्न केला. तळहात आठवला, त्यावरच्या रेषा आठवल्या, लिंग नाही. शेवटी त्यातल्या त्यात जवळचं वाटलं ते उचललं. म्हाताऱ्यानं ते कागदात गुंडाळायला घेतलं तेव्हा मी नको म्हणालो.

हॉटेलच्या दारात फुलझाडांच्या कुंड्या होत्या. तिथं खाली बसलो आणि त्या लिंगाला माती चोळली. खिशातला रुमाल फाडला, त्या फडक्यात ते बांधलं. मी देवधर्म न मानणारा माणूस आहे, तरी त्या क्षणी मला वाटलं की कुणीतरी बघतंय.

साडेपाचला खोलीत शिरलो. काउंटरवरची मुलगी आईचा हात हातात घेऊन जमिनीवर बसली होती. आईचा चेहरा पांढरा पडला होता, ब्लाउज घामानं भिजला होता.

"सापडलं," मी म्हणालो. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "डबी नेली त्यानं. लिंग गटाराच्या कडंला टाकून दिलं व्हतं. पोलिसांचा फोन आला म्हणून पळत गेलो."

आईनं फडकं घेतलं. सोडलं. तिला उठता येत नव्हतं, म्हणून मी तांब्याभर पाणी आणि बादली आणली. तिनं माती धुतली. सावकाश, अंगठ्यानं घासून. मग लिंग डाव्या तळहातावर ठेवलं आणि बोटं मिटली. डोळे मिटले. मी तिच्या चेहऱ्याकडं बघू शकत नव्हतो आणि नजर काढूही शकत नव्हतो. कितीतरी वेळ गेला. बहिणीचा फोन वाजायला लागला, मी तो बंद केला. आईचा अंगठा लिंगावरून एकदा फिरला. परत फिरला.

तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं. वरपासून खालपर्यंत, मी शाळेतून मार खाऊन आलो की बघायची तसं.

"विभूती दे," ती म्हणाली.

मी तिच्या पिशवीतून विभूती दिली. तिनं पूजा केली. ओंजळीत पाणी घेतलं, तीर्थ म्हणून प्यायली. मी लिंबू-साखरेचं पाणी पुढं केलं, तेही प्यायली. मग केळं. मग हॉटेलातून आणलेला भात आणि दूध. दुसरा घास घेण्याआधी तिनं उरलेलं अर्धं केळं माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "तू बी खा." मी खाल्लं. अर्ध्या तासात तिच्या हातांची थरथर थांबली. मी बहिणीला फोन केला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून मनसोक्त रडलो.

पुढचे दोन दिवस आई हॉटेलातच राहिली. चालवत नाही म्हणाली. ते लिंग तिनं फडक्यात बांधून पदराच्या गाठीत ठेवलं. हैदराबादला उतरलो, उदगीरवरून लातूरला आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रिक्षा करून एकटीच मठात गेली. नवीन डबी करायची असेल, दोरा घ्यायचा असेल, असं मी धरलं. खरं तर मी फार विचार केला नाही. माझ्या डोक्यात एकच होतं, मी आईला वाचवलं. बायकोला सांगितलं. बहिणीला सांगितलं. ऑफिसातल्या दोघा-तिघांना सांगितलं. सांगताना मी माती चोळण्याचा भाग जरा रंगवून सांगायचो. प्रसंगावधान, असं एकजण म्हणाला. ते मला आवडलं होतं.

मग बहीण नांदेडहून भेटायला आली आणि आल्या आल्या माझ्यावर उखडली. "दादा, आईचं वजन कमी झालंय. साखर परत खाली यायलीय. काय खायला देता का न्हाई तिला?" बायको म्हणाली, आल्यापासून एकदाच जेवतात, संध्याकाळी. विचारलं तर नेम आहे म्हणतात. श्रावण नव्हता, सोमवार नव्हता. माझं डोकं फिरलं. आई स्वयंपाकघरात भाजी निवडत बसली होती. मी तिथं जाऊन ओरडलो, "तिथं तुला जेवू घालायला मी कुत्र्यासारखा पळालो, आणि इथं तू स्वतःहून उपाशी मरतीस?"

आईनं भाजी बाजूला ठेवली.

"वरडू नको. एकवीस दिवसांचं सांगितलंय स्वामींनी. अठरा झाले."

"कशाचं?"

"खोट्यावर जेवले त्याचं."

मी दाराची चौकट धरली.

"लग्न झाल्यापासून हातावर घेत आले मी त्याला," आई म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "माझा अंगठा टेकून टेकून त्याला एका अंगानं खळगा पडला व्हता. तुझ्या हातातून घेतलं तवाच कळलं. हे माझं न्हाई. कोनत्या बाजारातून आनलंय, माती बी ताजी हाय. आता गळ्यात हाय ते स्वामींनी दिलेलं."

"मग जेवलीस कशाला?" मी विचारलं.

"तुझं तोंड बघितलंस का त्या दिवशी? ओठ वाळून गेलते. सकाळपासून तू बी पान्याचा घोट घेतला न्हवतास. तुला ध्यानातच न्हवतं. मी न्हाई म्हनले असते तर तू परत पळाला असतास. दुसरं आनाया, तिसरं आनाया. त्या गाड्यांमधी. म्हनलं, देवाचं काय, देव माझ्या नेमाचं बघून घेईल. पोराचं कोन बघील परक्या मुलखात?"

तिथंच तिच्यासमोर फरशीवर बसलो. इतके दिवस ज्याला त्याला सांगत फिरलो होतो की मी तिला कसं वाचवलं. ती घरातच होती, माझं बोलणं तिच्या कानावर पडतच असणार. एकदाही तिनं मला अडवलं नव्हतं.

"राहिलेले तीन दिवस मी पण एकदाच जेवतो," मी म्हणालो.

"काई गरज न्हाई," आई म्हणाली. "तू जेवावंस म्हनून तर मी नेम मोडला. आता तू उपाशी बसलास तर ते बी वाया."

तिनं उठून ताट घेतलं. दोन भाकरी, भाजी, वर शेंगदाण्याची चटणी. ते माझ्यापुढं ठेवलं आणि समोर पाट घेऊन बसली. तिच्या पोटात कालच्या संध्याकाळपासून काही नव्हतं. मी घास तोंडात घातला, तो उतरेना, पाणी प्यायलो, दुसरा घातला. ती बघत होती. शेवटची भाकरी संपेपर्यंत ती उठली नाही.